सटवीचा लेख नव्हे, सात खुणा वाचा

तान्हे बाळ दगावले की घरातली मोठी माणसे म्हणतात, "सटवीने तेवढेच लिहिले होते." कोणी दृष्ट म्हणते, कोणी बाहेरची बाधा. यातल्या पुष्कळ बाळांना खरे तर सेप्सिस झालेला असतो. जंतूंचा संसर्ग अंगभर भिनतो आणि श्वास, रक्ताभिसरण, मेंदू यांचे काम ढासळते.

कोणते बाळ धोक्यात आहे हे खेड्यात, यंत्राशिवाय आधी ओळखता येते का? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत याचा शोध घेतला. गावच्याच साक्षर बायांनी घरोघर जाऊन बाळांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून सात खुणा निघाल्या:

१. अंगावर पिणे कमी होणे किंवा थांबणे
२. रडणे क्षीण होणे किंवा बंद पडणे
३. हातपाय लुळे पडणे
४. उलट्या किंवा पोट फुगणे
५. अंग गार लागणे
६. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे
७. बेंबी चिघळणे

सेप्सिसने दगावलेल्या प्रत्येक बाळात यातल्या किमान दोन खुणा एकाच वेळी दिसल्या होत्या, त्याही मृत्यूच्या सरासरी पाच दिवस आधी. उलट, दोन खुणा दिसलेली बहुतेक बाळे वाचलीही. म्हणजे खुणा दिसल्या म्हणून बाळ गेलेच असे नव्हे. हे पाच दिवस उपचारासाठी मिळालेले असतात.

त्याच बायांनी इंजेक्शन व औषध द्यायला सुरुवात केल्यावर सेप्सिस झालेल्या शंभर बाळांमागे मृत्यू सुमारे १७ वरून ३ वर आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशाताई देशभर नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

भूम तालुक्यातल्या वाडी-वस्तीवरून मोठा दवाखाना लांब पडतो. म्हणून माता-भगिनींनी एक खूण दिसताच आशाताईंना बोलवावे. दोन दिसल्या, ताप वा आकडी आली, तर अंगारा-उतारा न करता, सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाचे उपचार आणि नेआण मोफत आहे. तो आपला हक्क आहे.

सटवीचा लेख कोणालाच वाचता येत नाही. या सात खुणा अंगठेबहाद्दर आजीलाही वाचता येतील.