दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय न सुटणारा गोळा

रेल्वेची एकेरी लाईन. दोन टोकांना दोन स्टेशनं, मध्ये डोंगर आणि वळणं. दोन्हीकडे गाड्या सुटायच्या तयारीत, आणि दोन्ही स्टेशन मास्तर एकमेकांना दिसत नाहीत. आधी कुणाची गाडी सोडायची, हे ठरणार कसं?

तुम्ही म्हणाल, तार करावी की! तेही करून झालं होतं. सप्टेंबर १८७४. इंग्लंडमधल्या नॉर्विचहून ब्रंडल स्टेशनला तार गेली : मेल सोडा. इकडे नॉर्विचने आपली एक्स्प्रेसही सोडली. घोळ लक्षात येईपर्यंत मेल निघून गेली होती. थॉर्पजवळ दोन्ही गाड्या समोरासमोर धडकल्या, २५ माणसं गेली. आणि लक्षात घ्या, तारयंत्र बिघडलेलं नव्हतं! निरोप झटक्यात पोचला होता. पण निरोप देणं आणि गाडी सोडणं या दोन गोष्टींना एकत्र बांधणारं काहीच नव्हतं.

१८७८ मध्ये एडवर्ड टायर या इंग्रज तंत्रज्ञाने ते बांधून दाखवलं. त्याने परवानगीचीच एक वस्तू करून टाकली. दोन्ही स्टेशनांत तारेने जोडलेली दोन यंत्रं, त्यांत धातूच्या चकत्या. एक चकती बाहेर आली की दोन्ही यंत्रं बंद! ती परत यंत्रात पडेपर्यंत दुसरी निघणारच नाही. जिच्या ड्रायव्हरकडे चकती, तीच गाडी निघणार.

भारतात याच कल्पनेवरचं नीलचं यंत्र वर्षानुवर्षं चाललं. त्यात चकतीऐवजी धातूचा गोळा. मास्तर ठरलेले घंटीचे ठोके द्यायचा, फोनवर ‘लाईन क्लिअर’ मागायचा. समोरच्याने आपलं हँडल फिरवलं, तरच इकडचा गोळा सुटायचा. बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्याच म्हणा, फक्त दुसरी किल्ली पुढच्या स्टेशनात! गोळा चामडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन ते कडं उंच धरायचा आणि चालत्या इंजिनातून ड्रायव्हर त्यात हात घालून ते उचलायचा.

पण जिथे हातात फक्त फोन आहे, तिथे काय? रेल्वे फाटक सिग्नलला जोडलेलं नसेल, तर मास्तर गेटमनला गाडीची वर्दी देतो. तिथे नुसतं ‘हो साहेब’ चालत नाही. फाटक बंद केल्याची खूण म्हणून गेटमन आपल्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो : प्रायव्हेट नंबर. मास्तर तो रजिस्टरात लिहितो, गेटमन आपल्या तक्त्यावर खोडतो. तक्त्यातले आकडे चढत्या क्रमाने नसतात, त्यामुळे पुढचा कोणता हे अंदाजाने ओळखता येत नाही. एका साध्या कागदाने ‘ऐकलं’ आणि ‘केलं’ यांतलं अंतर कमी केलं!

ऑफिसच्या ग्रुपवर आपण निरोप टाकतो, निळ्या खुणा उमटतात आणि आपण निर्धास्त होतो. निरोप वाचला, एवढंच त्या सांगतात. फाटक लागलं का, ते कोण सांगणार?