दक्षिणमुखी गच्ची, भाग्यवान गच्ची!

सोलर बसवावं की नाही, हे विक्रेत्याला विचारण्याआधी गच्चीवर तीन चकरा मारा. सकाळी नऊला, दुपारी बाराला, चारला. ऊन कोण खातंय ते बघा. बहुतेक वेळा पाण्याची टाकी, नाहीतर शेजारचा नारळ. पॅनलमधले सेल साखळीसारखे जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली की बाकीचेही ढेपाळतात. डायोड लावून नुकसान थोडं आवरतं, एवढंच. कबुतरांचं योगदान वेगळं.

वास्तुवाले ज्या दिशेला नाकं मुरडतात, ती दक्षिण इथे सगळ्यात लाडकी. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भरदुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो खरा, पण त्यातले निम्मे-अधिक दिवस ढगांचेच!

चंद्रपूरकरांनी फार खूश होऊ नये. पॅनलला प्रकाश हवा, उकाडा नको. त्याची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते आणि पुढच्या दर अंशाला तीन-चार दशांश टक्के वीज घटते. दुपारी पॅनल 65 अंशांपर्यंत तापलं की साधारण सातवा हिस्सा गेलाच. मात्र पॅनलच्या सावलीतली खालची खोली जरा निवते, हा बोनस.

1954 साली बेल प्रयोगशाळेने दाखवलेला सिलिकॉन सेल जेमतेम 6 टक्के उन्हाची वीज करायचा. आजचं घरगुती पॅनल 20 टक्क्यांच्या पुढे आहे.

आता हिशेब. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिट. 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000; म्हणजे 78,000 वर गाडी थांबते. दहा किलोवॉट बसवा, अनुदान तेवढंच. आणि खरी मेख युनिटच्या टप्प्यांत आहे. बिलातली सगळ्यात महाग युनिटं सोलर आधी खातं. म्हणून दोन एसीवाल्याचे पैसे लवकर वसूल होतात, महिन्याला 80 युनिट वापरणाऱ्याचे रेंगाळतात. 'शून्य बिल' ऐकून भुलू नका, स्थिर आकार कुठे जात नाही.

सगळ्यात मोठा अपेक्षाभंग म्हणजे वीज गेली की बॅटरीविना असलेलं सोलरही गप्प बसतं, लख्ख ऊन असलं तरी. कारण खांबावर वायरमन चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरून उलटी वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल.

आणि हो, पॅनलखाली कुरडया वाळत नाहीत. दक्षिणेचा एक कोपरा आईसाठी आधीच राखून ठेवा.