शब्द आणि शब्देतर : संज्ञापनाचा प्राथमिक विचार

मनुष्य बोलू लागतो, त्याच्या पुष्कळ आधी त्याचे सांगणे सुरू झालेले असते. तान्हे मूल रडते, हसते, हात पसरते आणि आईला ते उमगते. पुढे शब्द येतात. परंतु चेहरा, हात व आवाज यांचे काम त्यामुळे संपत नाही. आपल्या मनातील आशय दुसऱ्याच्या मनापर्यंत पोहोचविण्याच्या या दुहेरी व्यवहारास संज्ञापन म्हणतात. ज्यांना नित्य लोकांसमोर बोलावे लागते, रुग्णाच्या उशाशी बसावे लागते, दुभंगलेल्या घरात समेटासाठी जावे लागते, त्यांना या व्यवहाराची मूलतत्त्वे ठाऊक असणे अगत्याचे आहे. त्यातच एक गैरसमज सर्वत्र रूढ झाला आहे. संभाषणकलेच्या शिबिरांतून सांगण्यात येते की, संज्ञापनात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे खरे असेल, तर प्रवचनकाराने ग्रंथ मिटून आरशापुढेच उभे राहावे. हे कितपत खरे आहे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

शाब्दिक संज्ञापन

प्रथम शब्दांचा विचार करू. शब्द आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने जुळविलेले नसून समाजाने मान्य केलेले असते. ज्याला आपण पाणी म्हणतो, त्याला गोव्यातील शेजारी उदक म्हणतो, बेळगावातील कन्नड भाषिक नीरु म्हणतो आणि हैदराबादेतील तेलुगू भाषिक नीळ्ळु म्हणतो. तहान एकच, नावे अनेक. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेच्या या सांकेतिक स्वरूपाची मीमांसा आढळते.

संकेतावर उभी असल्यामुळेच भाषेला विलक्षण सामर्थ्य लाभते. जे समोर नाही, जे घडून गेले, जे अद्याप घडावयाचे आहे, त्याविषयी ती बोलू शकते. ‘तुमचा भाऊ काल आला नाही, परंतु उद्या आला, तर त्याला घरात घ्याल का?’ हा साधा प्रश्न घ्या. यातील नकार, काळ आणि अट ही तिन्ही नुसत्या हावभावांनी सांगून पाहावीत, म्हणजे शब्दांची थोरवी ध्यानात येईल.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. शाब्दिक म्हणजे केवळ ध्वनियुक्त नव्हे. लेखन मूक असूनही शाब्दिकच असते. कर्णबधिरांची चिन्हभाषा तर हातांनी बोलली जाते, तरी तिला स्वतःचे व्याकरण असते. विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकन चिन्हभाषेचा अभ्यास प्रसिद्ध करून ही गोष्ट पुढे आणली. आपल्या देशात भारतीय चिन्हभाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. तेव्हा कर्णबधिर बांधवांच्या बोलण्यास ‘खाणाखुणा’ म्हणून खालच्या पायरीवर बसविणे अज्ञानाचे आहे.

शब्देतर संज्ञापन

शब्दांवाचून जे कळते, ते शब्देतर. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. ग्रंथाचा विषय रंगभूमीचा असला, तरी ही वर्गवारी नित्याच्या जीवनातही उपयोगी पडते. वाचिक बाजूला ठेवले, तर आंगिकात नजर, मुद्रा व हातवारे येतात. आहार्यात वेष येतो. आणि अश्रू, कंप, स्वरभंग, रोमांच असे सहसा इच्छेने न आणता येणारे विकार सात्त्विकात येतात.

यांत आणखी दोन गोष्टी मिळवाव्यात. एक, आवाजाची ढब. ‘बरं’ हा एकच शब्द होकार देतो, शंका घेतो, धाक घालतो आणि संभाषण संपवूनही टाकतो. दुसरी, अंतर. एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अमेरिकेतील निरीक्षणांवरून, माणसामाणसांतील अंतराचे चार टप्पे मांडले : सुमारे दीड फुटापर्यंत जिव्हाळ्याचे, चार फुटांपर्यंत वैयक्तिक, बारा फुटांपर्यंत सामाजिक आणि त्यापलीकडे सार्वजनिक. ही मापे सर्व समाजांना सारखी लागू पडत नाहीत, हे हॉल यांनाही मान्य होते.

सात टक्क्यांचे मूळ

आता त्या टक्केवारीकडे वळू. तिचे मूळ अल्बर्ट मेहराबियन व त्यांचे सहकारी यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांत आहे. एका प्रयोगात सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकविण्यात आले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून सोबत चेहऱ्याची छायाचित्रे दाखविण्यात आली. बोलणाऱ्याच्या मनात प्रेम आहे की नावड, एवढेच श्रोत्यांनी ओळखावयाचे होते. दोन्ही निष्कर्ष एकत्र करून ते प्रमाण काढण्यात आले. त्यात प्रवचन नव्हते, पाठ नव्हता, एक सलग वाक्यही नव्हते. हे सूत्र केवळ भावना व आवडनिवड यांच्या संदर्भातच लागू आहे, असा खुलासा स्वतः मेहराबियन यांनीच केला आहे.

तात्पर्य, त्या प्रयोगांतून शब्दांचे मोल कमी ठरत नाही. त्यांतून निघते ते इतकेच : शब्द एक सांगत असतील आणि मुद्रा दुसरेच, तर बोलणाऱ्याच्या भावनेविषयी ऐकणारा मुद्रेवर अधिक विश्वास ठेवतो. ‘कसे आहात?’ असे विचारताना ज्याची दृष्टी घड्याळाकडे जाते, त्याला रुग्ण खरे उत्तर देत नाही. ‘बरा आहे,’ म्हणतो आणि आपली व्यथा पोटातच ठेवतो.

दोहोंची कामे

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शब्देतर खुणा बोलक्या असल्या, तरी संदिग्ध असतात. डोके आडवे हलविणे आपल्याकडे बहुधा नकार, बल्गेरियात होकार. वडीलधाऱ्यांसमोर सुनेने खाली घातलेली नजर आदराची असेल, भयाची असेल वा केवळ थकव्याची. तीवरून तिला अपराधी ठरविणारा मध्यस्थ घरावर अन्यायच करील. त्याने विचारले पाहिजे. आणि विचारावयाचे, तर शब्दच लागतात.

म्हणूनच जेथे माणूस स्वतःला बांधून घेतो, तेथे शब्दांची मागणी होते. कॅथलिक चर्चच्या १९८३ सालच्या धर्मविधी संहितेत, वधूवरांनी विवाहाची संमती शब्दांत प्रकट करावी आणि बोलता येत नसल्यास समतुल्य खुणांनी करावी, असा नियम आहे. नुसते स्मित पुरत नाही. क्षमेचेही तसेच. पाठीवर ठेवलेल्या हाताने धीर मिळतो. परंतु आपल्याला क्षमा मिळाली की नुसती कीव वाट्याला आली, हे त्या हातावरून कळत नाही. ते कोणी तरी उच्चारावे लागते.

याउलट, जेथे सांगण्यासारखे काही उरलेलेच नाही, तेथे शब्दांचा हट्ट धरू नये. २०२० साली महामारीने मुखपट्टी व अंतर यांची सक्ती केली, तेव्हा अनेक शोकाकुल घरांना सांत्वन केवळ दूरध्वनीवरून पोहोचले. शब्द तेच होते. परंतु शेजारी बसलेले माणूस नव्हते आणि ती उणीव कोणत्याही वाक्याने भरून निघाली नाही.

सारांश, काय घडले, काय मान्य आहे, कशाचे वचन देत आहोत, हे शब्दांनी सांगावे. आपण ते कोणत्या मनाने सांगत आहोत, हे मुद्रा, स्वर व सान्निध्य सांगतील. दोहोंत मेळ असावा. आणि समोरच्याच्या मुद्रेचा अर्थ लावताना आपली घाई होत आहे असे वाटले, तर थोडे थांबून त्यालाच विचारावे.