शोभिवंत मासे : नवीन टाकीत मासे सोडायची घाई नको



नवीन टाकीतलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी लगेच मासे सोडू नका. आठ-पंधरा दिवसांत मासे वर येऊन तोंड मारू लागतात आणि मरतात. आपल्याला रोग वाटतो, पण बरेचदा कारण अमोनिया असतं.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. शेतात युरिया टाकल्यावर मातीतले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. टाकीतही असेच जिवाणू लागतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट थोडं असलं तर चालतं.

काय कराल?

1. पाण्यात क्लोरीन असेल तर एक-दोन दिवस हवा देऊन उडू द्या. क्लोरीनने जिवाणू मरतात.
2. फिल्टर आणि हवेचा पंप 24 तास चालू ठेवा.
3. मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो.
4. निरोगी जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर नव्या फिल्टरमध्ये ठेवा, काम लवकर होतं.
5. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासा.

साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. मग थोडं पाणी बदलून मोजकेच मासे सोडा, बाकीचे टप्प्याटप्प्याने.

पुढेही फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका; टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

महिनाभर थांबलात तर माशांचे पैसे वाचतील. किटच्या रंगाबद्दल शंका असेल तर ग्रुपवर फोटो टाका.