बिनपडद्याच्या गिटारची खरखर

तारेचें एखादें स्वस्त वाद्य खरखरूं लागलें कीं आपण लगेच म्हणतों, "वाद्यच हलकें आहे." घेणाऱ्यास पश्चात्ताप होतो, घरांतील वडील माणसें पैसे वायां गेल्याची हळहळ करितात आणि तें वाद्य पलंगाखालीं जाऊन पडतें. गेल्या वर्षीं प्रस्तुत लेखकाच्या हातून हाच अन्याय होतां होतां राहिला. तो कसा टळला हें सांगतांना खरखर म्हणजे काय, ती कां होते आणि ती कशी घालवावी, याचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

नाताळच्या उपासनेसाठीं आमच्या गायनवृंदास खर्जाच्या साथीची गरज होती. आईनें घरखर्चांतून बाजूस ठेवलेल्या पैशांतून मला एक जुनी बेस गिटार मिळाली. तिला चार तारा होत्या, पण दांडीवर पडदे नव्हते. सतारीस पडदे असतात. व्हायोलिन व सारंगी यांस नसतात. पडदे नसले कीं स्वराची जागा कानानेंच शोधावी लागते, परंतु मींड मात्र अखंड निघते. बेस गिटार अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं बाजारांत आणली ती पडद्यांची होती. बिनपडद्याची बेस अँपेग कंपनीनें १९६६ सालीं विक्रीस काढली. पुढें जॅको पास्टोरियस या वादकानें आपल्या गिटारचे पडदे उपटून, त्या चिरा बुजवून, असें कांहीं वादन केलें कीं या वाद्यास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली.

माझ्या गिटारमधून मात्र मींडही निघेना आणि स्वरही निघेना. पहिल्या कांहीं स्वरांवर तार नुसती झणझणे. शिवाय ती दाबण्यासही जड जाई. मीं उतावीळपणें कानस घेतली आणि दांडीच्या वरच्या टोकास तारा ज्या खांचांत बसतात, त्या नट नांवाच्या तुकड्याची एक खांच खोल केली. परिणाम असा झाला कीं पूर्वीं जी खुली तार स्वच्छ वाजत असे, तीही खरखरूं लागली! आतां ही गिटार विकून टाकावी, असें माझ्या मनानें घेतलें.

आमचे आजोबा नायगांवांतील आमच्या चाळीच्या भजनी मंडळांत पुष्कळ वर्षें तंबोरा धरीत असत. ते शांतपणें म्हणाले, "बाळ, ती कुठें खरखरते तें आधीं ऐक. मग हत्यार उचल." आणि त्यांनीं आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा किंचित् सरकवून दाखविला. दोरा एका ठिकाणीं असतां तार मुकी होती. केसभर सरकतांच ती गुंजूं लागली. आणखी सरकतांच तिचा आवाज पत्र्यासारखा झाला. "ही सुद्धां खरखरच," ते म्हणाले, "पण ही आपल्या हुकमांत आहे."

या हुकमी खरखरीस जवारी म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा धारदार नसून रुंद व किंचित् उतरता असतो. तार कांपतांना त्या उताराला हळूच स्पर्श करीत राहते आणि त्या स्पर्शामुळें मूळ स्वरासह वरचे अनेक उपस्वर जागे होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं तार जेथें छेडली जाते तेथें ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदु येतो, ते उपस्वर यंगच्या नियमाप्रमाणें उमटूं नयेत. तंबोऱ्यांत मात्र ते स्पष्ट ऐकूं येतात. हा घोडीचा प्रताप होय. मिरजेच्या कारागिरांनीं ही विद्या दीड शतकाहून अधिक काळ जतन केली आहे, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां बिनपडद्याच्या बेसकडे वळूं. तिची तार सुमारें ३४ इंच लांब असते. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कांपते, म्हणून तिचा झोका मोठा असतो व त्यास जागा लागते. बोटानें दाबलेली तार लांकडी पट्टीवरून अगदीं थोड्या कोनानें वर उठते आणि कांपतांना पट्टीला घासून जाते. म्हणजे ही पट्टी एका अर्थीं लांबच लांब जवारीच आहे! या वाद्याचा जो गाता, लांबट स्वर रसिकांस आवडतो, तो याच घासण्यांतून येतो. म्हणून घासणें अजिबात नाहींसें करणें हा आपला हेतु नव्हे. तें सर्व स्वरांवर सारखें व्हावें, हा हेतु होय. एका जागीं स्वर गातो आणि दुसऱ्या जागीं फुटतो, तेव्हांच त्यास दोष म्हणावें.

हा दोष शोधण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम गिटार ध्वनिवर्धकास न जोडतां वाजवावी. ती एरव्हीं स्वच्छ वाजत असून जोडल्यावरच घूं घूं होत असेल आणि तारेस हात लावतांच ती घूं घूं कमी होत असेल, तर तो विजेच्या जोडणीचा प्रश्न आहे, तारेचा नव्हे. त्यासाठीं जाणत्या माणसाकडेच जावें. मुलांनीं ध्वनिवर्धक कदापि उघडूं नये. नंतर किल्ल्यांचे स्क्रू व इतर सैल भाग बोटानें दाबून पाहावे. पुष्कळदां खरखर तेथेंच असते. तारा जुन्या व गंजलेल्या असतील तर त्या बदलाव्या, आणि मगच वाद्य बरोबर स्वरांत लावून पुढील परीक्षा करावी.

मग प्रत्येक तार खुली वाजवावी आणि पुढें एकेका स्वरावर दाबून वाजवीत जावें. फक्त खुली तारच खरखरली तर नटाची खांच खोल झाली आहे. नटाजवळच्या स्वरांवर खरखर असेल तर दांडी फार सरळ झाली आहे अथवा मागें वांकली आहे. पट्टीच्या खालच्या अर्ध्यावर असेल तर घोडी फार खालीं आहे किंवा पट्टीच्या टोकास उंचवटा आहे. एकाच जागीं असेल तर बोटाच्या पुढें, घोडीच्या बाजूस, पट्टी किंचित् वर आली आहे. सर्वत्र असेल तर बहुधा सर्वच तारा खालीं आहेत. कधीं कधीं तर बोटच नीट दाबलेलें नसतें.

दांडी पाहण्याची रीत सोपी आहे. जाड तार एका हातानें नटाजवळ व दुसऱ्या हातानें पट्टीच्या खालच्या टोकास दाबावी. मधोमध तार व पट्टी यांत भेटीच्या कार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारें ०.३ मिलिमीटर, फट असावी. चारी तारांची मिळून ओढ सुमारें ७० किलोंच्या घरांत असते. या ओढीस तोंड देण्यासाठीं दांडीच्या पोटांत एक लोखंडी सळई घातलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तिची चावी घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविली कीं दांडी सरळ होत जाते. उलट फिरविली कीं तारांच्या ओढीनें ती पुढें वांकते. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये, आणि पुन्हां तारा स्वरांत लावून, दांडीस एक दिवस विसावा देऊन मग पाहावें. चावी जड लागली तर जोर न करतां कारागिराकडे जावें. सळई एकदां तुटली कीं दांडी वायां गेलीच म्हणावी.

दांडी नीट झाल्यावरच घोडीची उंची पाहावी. पट्टीच्या खालच्या टोकास जाड तारेखालीं सुमारें २ मिलिमीटर व बारीक तारेखालीं दीड मिलिमीटर अंतर असलें म्हणजे आरंभास पुरे. पट्टीचा उंचवटा पोलादी पट्टी उभी धरून, पलीकडून उजेड पाहून ओळखतां येतो. परंतु तो घासण्याचें काम अगदीं शेवटीं, सर्व उपाय थकल्यावर आणि शक्य तर कारागिराकडूनच करून घ्यावें. घोडी वर-खालीं करतां येते, चावी उलट फिरवितां येते, पण घासलेलें लांकूड परत येत नाहीं. माझ्या कानशीनें मला हाच धडा दिला होता.

या क्रमानें पाहतां माझ्या गिटारचा मूळ दोष नटांत नव्हताच. सळई कोणीतरी फार आवळून ठेविली होती आणि दांडी मागें वांकली होती. दोन दिवसांत, पाव-पाव फेरा सैल करून ती ताळ्यावर आली. घोडी किंचित् उतरवितांच तार दाबण्यासही हलकी झाली. नटाचा दोष मात्र माझाच होता. त्या खांचेंत प्रथम वहीच्या कागदाची चिंधी बसवून काम भागविलें. पुढें कारागिराकडून हाडाचा नवा नट घालून घेतला. पालकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, नवें वाद्य घेण्याच्या मानानें या साऱ्या दुरुस्तीस आलेला खर्च अगदींच अल्प होता.

एक सूचना मुंबईकरांसाठीं विशेष आहे. येथील पावसाळ्यांत लांकूड ओलावा शोषून फुगतें आणि कोरड्या दिवसांत आक्रसतें. त्यामुळें दांडीचा बांक वर्षभर सारखा राहत नाहीं. म्हणून वाद्य ओलसर भिंतीस अथवा उन्हांत टेकवून ठेवूं नये, आणि पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस फट एकदां मोजून पाहावी.

नाताळच्या दिवशीं गायनवृंदामागें ती गिटार वाजली. आजोबा मागच्या बाकावर बसून होते. घरीं येतांना ते एवढेंच म्हणाले, "आतां ती बोलते." विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कोणाच्या घरीं असें एखादें रुसलेलें वाद्य पलंगाखालीं पडलें असेल, तर तें बाहेर काढा. आधीं कान द्या, एका वेळीं एकच गोष्ट बदला, आणि कानस सर्वांत शेवटीं हातीं घ्या.