चाळिशीचा चष्मा घालवणारे थेंब? डोळ्यात टाकण्याआधी हे वाचा

जबलपूरमध्ये कमानिया गेटजवळच्या सराफ्यात पोट भरतं ते डोळ्यांवर. साखळीच्या कड्या जोडायच्या, डाख द्यायचा, खडा बसवायचा. चाळिशी लागली की अशा कारागिराला ती सगळ्यांत आधी जाणवते. त्यामुळे ‘थेंब टाका, चष्मा काढा’ असा मेसेज आला, तर मोह होणारच.

२०२४ मध्ये अशा बातम्यांचा पूर आला होता. मुंबईच्या एन्टोड फार्मास्युटिकल्सच्या ‘प्रेसव्ह्यू’ थेंबांना परवानगी मिळाली आणि १० सप्टेंबरला औषध नियंत्रकांनी ती स्थगितही केली. औषध विषारी निघालं म्हणून नव्हे, तर मंजुरीत नसलेले दावे कंपनीने केले म्हणून.

त्यातलं औषध, पायलोकार्पिन, तसं जुनंच. ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातून ते १८७५ च्या सुमारास वेगळं केलं गेलं आणि लवकरच काचबिंदूवर वापरलं जाऊ लागलं. ते परानुकंपी म्हणजे पॅरासिम्पथेटिक मज्जासंस्थेचं काम चालू करतं. जेवून निवांत बसल्यावर लाळ सुटते, हृदय संथ होतं, ती हीच यंत्रणा. डोळ्यात ती बाहुली आकुंचित करते. तपासणीआधी बाहुली मोठी करायला थेंब टाकतात ना, त्याच्या बरोबर उलट!

करून बघा. कागदाला टाचणीने भोक पाडा आणि चष्म्याशिवाय त्यातून बारीक अक्षरं वाचा. जरा स्पष्ट दिसतील. पायलोकार्पिनने बाहुलीचंच असं भोक होतं. पण डोळ्याचं ताठर झालेलं भिंग काही पुन्हा तरुण होत नाही. काही तासांत असर उतरला की चाळिशी परत हजर.

शिवाय लहान भोकातून उजेडही कमी येतो. दिव्याखाली काम जमेल, पण रात्री दुचाकीवरून घरी जाताना खड्डा उशिरा दिसेल. कपाळ दुखू शकतं, दूरचं धूसर होऊ शकतं.

खरा धोका क्वचित, पण मोठा आहे: डोळ्याचा पडदा सुटण्याचा. लांबचं पाहायला जाड नंबर लागत असेल तर तो जास्त. म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या, दमा असेल तर तेही सांगा. घरात आजोबांची काचबिंदूची बाटली असेल तर तिला हात लावू नका. प्रेसव्ह्यूत हे औषध १.२५ टक्के आहे, त्या बाटलीत २ टक्के असू शकतं.

थेंब सुरू असताना अचानक चमका, काळे ठिपके किंवा नजरेवर सावली सरकल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुकान बंद व्हायची वाट बघू नका.