सोनुर्लीच्या जंगलातली साखळी

गैरसमज : पीडितेने स्वतः लिहून दिले, म्हणजे बातमी पक्की.

जुलै 2024 च्या अखेरीस सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या जंगलात एका गुराख्याला झाडाला साखळीने बांधलेली विदेशी महिला आढळली. तिला नीट बोलता येत नव्हते. पतीने बांधले, चाळीस दिवस पोटात अन्न नाही, असे तिने कागदावर लिहिले. अमेरिकन पासपोर्टची प्रत, तमिळनाडूच्या पत्त्याचे आधार कार्ड, रान, कुलूप. बातमीला आणखी काय लागते? मथळे देशभर झळकले आणि बऱ्याच ठिकाणी ‘असे तिने लिहिले आहे’ हे चार शब्द वाटेत गळाले. ऐन आषाढात, सावंतवाडीच्या पावसात, माणूस चाळीस दिवस असा तगेल का, हे डॉक्टरांना विचारून मग मथळा करता आला असता. ऑगस्टमध्ये तिनेच पोलिसांना वेगळा जबाब दिला : साखळी आपणच बांधून घेतली, पती नाहीच.

म्हणून तिला खोटारडी ठरवणे हा त्याच जातीचा उतावळेपणा. तिची अवस्था पाहता दुसरा जबाबही ‘पोलिसांनी सांगितल्यानुसार’ असाच छापायला हवा.

गैरसमज : गुन्हा नोंद झाला, म्हणजे पोलिसांची खात्री पटली.

दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवणे पोलिसांना बंधनकारक असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 154, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 173. खरा तपास त्यानंतर. सोनुर्लीतही चिठ्ठ्यांवरून खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, आणि त्यात पोलिसांचे काही चुकले नाही. चूक झाली ती फिर्यादीलाच निकाल समजणाऱ्यांची. ‘आरोपीची पोलिसांसमोर कबुली’ हा मथळाही असाच. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

गैरसमज : आकडा दिला की बातमी भक्कम होते.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा 35 फुटी पुतळा कोसळला, गुन्हा नोंद झाला, आणि ताशी 45 किलोमीटर वाऱ्याचा आकडा सगळीकडे फिरला. तो तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या विधानातून आला होता. आकड्यामागे बोलणाऱ्याचे नाव नसले, की वाचक ते हवामान खात्याचे मोजमाप समजतो. त्या खात्याचे केंद्र वेंगुर्ल्याला आहे. एक फोन करायला बातमीदाराला कोणी अडवलेले नसते.